बाळासाठी कुठलं संगीत लावावं? (घरात तीन पक्ष पडलेत)

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. चुकलं तर सांभाळून घ्या.

लेक साडेतीन महिन्यांची आहे. प्रश्न तसा फुटकळ, पण घरात त्यावरून तीन पक्ष पडलेत. नवऱ्याने सहा तासांची प्लेलिस्ट जमवलीय, नाव ‘मेंदूविकास’. सगळं पियानो आणि व्हायोलिन. स्वतः त्याने हे आयुष्यात कधी ऐकलेलं नाही. पोरीने डोळे उघडले की सुरू, ते ती परत झोपेपर्यंत. सासूबाईंचं म्हणणं, एवढ्याशा जिवाच्या कानाशी दिवसभर कालवा कशाला? आणि तिसरा पक्ष मी: रात्री दोन वाजता जे लावल्यावर ती झोपेल ते माझं आवडतं संगीत.

तर अनुभवी लोकहो, तुम्ही काय लावता? किती वेळ, किती मोठ्याने? शब्द असलेलं की नुसती वाद्यं?

आणि खरी भीती वेगळीच आहे. मला गाता येत नाही. म्हणजे विनयाने म्हणत नाहीये, खरंच येत नाही. शाळेत समूहगीताला बाई मला नुसते ओठ हलवायला सांगायच्या.

हेमगर्भ

वाचनखूण साठवतोय. आमच्याकडे आगमन दोन महिन्यांनी आहे. तोवर धागा शंभरी गाठू दे.

शंकेखोर

रात्रपाळी, तुमच्या यजमानांच्या प्लेलिस्टचं मूळ सांगतो, गमतीचं आहे.

१९९३ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत जेमतेम एका पानाचा लेख आला. राउशर, शॉ आणि की या तिघांचा. त्यांनी ३६ कॉलेजच्या विद्यार्थ्यांना मोझार्टचा दोन पियानोंसाठीचा एक सोनाटा दहा मिनिटं ऐकवला आणि लगेच आकृत्यांची कोडी सोडवायला दिली: कागद असा दुमडला, असा कापला, उघडल्यावर कसा दिसेल, या जातीची. शांत बसलेल्यांपेक्षा सोनाटा ऐकलेल्यांनी कोडी थोडी बरी सोडवली. परिणाम टिकला दहा-पंधरा मिनिटं. बस, एवढंच. त्यात बाळ एकही नव्हतं!

पुढे वर्तमानपत्रांतून फिरता फिरता ‘विद्यार्थी’ गळले, ‘पंधरा मिनिटं’ गळली, आणि उरलं ते ‘मोझार्टने हुशारी वाढते’. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झेल मिलर यांनी राज्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला अशा संगीताची सीडी किंवा कॅसेट देण्यासाठी १,०५,००० डॉलर मागितले होते. २०१० मध्ये व्हिएन्नाच्या संशोधकांनी तोवरचे सुमारे ४० अभ्यास, तीन हजारांवर माणसं, एकत्र मोजून पाहिली. मोझार्टची म्हणून काही खास करामत सापडली नाही. मधल्या काळात दुसऱ्या एका प्रयोगात दिसलं होतं की ज्यांना गोष्ट ऐकायला आवडते त्यांना गोष्ट ऐकूनही तेवढाच फायदा होतो. माणसाला तरतरी आली की कोडी जरा बरी सुटतात, एवढाच त्याचा अर्थ.

प्लेलिस्ट चांगली असेल तर जरूर ऐका, ‘मेंदूविकास’ हे नाव तेवढं बदला.

रात्रपाळी

वरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. पलीकडून उत्तर आलं, “पण नुकसान तर नाही ना?” सासूबाई गालातल्या गालात हसतायत.

ध्वनीवाला

नुकसान आवाजाने होऊ शकतं, चालीने नाही. माझं काम स्पीकर आणि ध्वनिमापनाचं, म्हणून हा भाग माझा.

साधं बोलणं साधारण ६० डेसिबल. कारखान्यात मोठ्या माणसाला आठ तासांसाठी ८५ची मर्यादा धरतात. बाळांच्या वॉर्डात सरासरी ५०च्या आसपास रहावं असं सांगितलं जातं. आणि २०१४ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ मासिकात आलेला अभ्यास बघा: बाळांना झोपवण्यासाठी विकली जाणारी १४ ध्वनियंत्रं पूर्ण आवाजावर ठेवून मोजली. दोन मीटरवरूनही एक सोडून सगळी ५०च्या वर. ३० सेंटीमीटरवर, म्हणजे पाळण्याच्या कठड्याला टांगल्यासारखी, त्यातली तीन ८५च्याही वर. आणि लोक ती रात्रभर चालू ठेवतात.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. खोलीत भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळे थोडा कमी उतरतो, पण तत्त्व तेच. म्हणून पहिलं काम: फोन उशीजवळून उचला आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. त्यात एक गोम अशी की बाळाची कर्णनलिका आखूड असते. बासरीच्या लहान नळीतून वरचा सूर निघतो ना, तसंच ती आपल्यापेक्षा वरच्या पट्टीतले आवाज जास्त उचलून धरते. फोनचा चिमुकला स्पीकर नेमका त्याच पट्टीत किंचाळतो. आपल्याला ‘ठीक’ वाटणारा आवाज तिच्या कानाच्या पडद्यापाशी ठीक असेलच असं नाही.

फुकटातली चाचणी: पाळण्याजवळ कान नेऊन बसा आणि कुणाला तरी खोलीत हळू बोलायला सांगा. संगीत चालू असताना शब्द सहज कळले पाहिजेत.

दुपटं_आणि_डुलकी

+१, पण व्हाइट नॉइजला, म्हणजे त्या यंत्रांच्या एकसुरी आवाजाला, सरसकट झोडपू नका हो. आमच्या जुळ्यांचे पहिले तीन महिने वॉशिंग मशीनच्या आवाजावर निघाले. सूर नाही, ताल नाही, नुसता एकसुरी घरघराट, आणि दोघं गार!

शंकेखोर

तुमच्या बाजूने पुरावा आहे, देतो. १९९० मधला छोटासा प्रयोग, नवजात बाळांचे वीस-वीसचे दोन गट. व्हाइट नॉइज ऐकणाऱ्यांपैकी १६ बाळं पाच मिनिटांत झोपली, नुसत्या ठेवलेल्यांपैकी ५. बाळ झोपायला तो उपयोगी आहे यात वाद नाही. प्रश्न अंतराचा आणि किती वेळ चालू ठेवायचा याचा. झोप लागली की बंद करा.

दुपटं_आणि_डुलकी

बंद केला की एक उठायचा. तो उठला की दुसरी. सिद्धान्त मांडणाऱ्यांना जुळी होवोत. 😄

तीनताल

गेली वीस वर्षं तबला शिकवतोय. पालक विचारतात मूल कितव्या वर्षी आणू. मी म्हणतो, शिकायला पाचव्या-सहाव्या, पण ताल ते केव्हाच शिकायला लागलेलं असतं.

दोन गोष्टी सांगतो, ज्यांनी माझी शिकवण्याची पद्धत बदलली. पहिली २००९ची. दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ठेका ऐकवला आणि डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या लहरी टिपल्या. मधल्या मात्रा गाळल्या तर फारसं काही नाही. पण सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, गाळली की लहरीत खळबळ. म्हणजे सम येणार ही अपेक्षा झोपेतही होती! आपल्याकडे विद्यार्थी जागेपणी सम चुकवतात.

दुसरी तर मला जास्तच भिडली. २००५ मध्ये एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब यांनी उत्तर अमेरिकेतल्या बाळांना बाल्कन प्रदेशातले (आग्नेय युरोपातले) विषम ताल ऐकवले. तिकडे सात मात्रा २-२-३ अशा सर्रास चालतात. आपला रूपक आठवा, ३-२-२. सहा महिन्यांच्या बाळांना सरळ (समान तुकड्यांच्या) आणि विषम दोन्ही तालांतली गफलत कळली. वर्षाच्या बाळांना फक्त ओळखीच्या सरळ तालातली. विषम ताल त्यांच्या कानातून निसटला होता. पण दोन आठवडे घरी ते संगीत ऐकवल्यावर वर्षाच्या बाळांना ते पुन्हा जमायला लागलं. मोठ्या माणसांना तेवढ्यात जमलं नाही.

यातून माझा सल्ला एवढाच की सहा तास एकाच जातीचं नको. बाळाचे कान पहिल्या वर्षात सगळ्या दिशांना उघडे असतात. सात मात्रांचं, पाच मात्रांचं, कुठल्याही मुलखातलं, थोडं थोडं कानावर पडू दे. चार-चारच्या ठेक्यातलं बाकी सगळं आयुष्यभर आदळणारच आहे.

सुरेल_संस्कार

माफ करा, पण ‘कुठलंही’ कसं चालेल? बाळाला शास्त्रीयच ऐकवावं. धांगडधिंगा ऐकवला की मूल चंचल होतं, हा आमच्या घरातला अनुभव आहे. पहिल्या वर्षात जे पेराल तेच उगवतं.

तीनताल

ताई, शास्त्रीय संगीतावर माझं पोट आहे, तरी सांगतो, बाळाला ‘शास्त्रीय’ हा शब्द ठाऊक नाही. विलंबित ख्यालातला अर्धा तास त्याच्यासाठी फार लांबचा पल्ला आहे. त्याला तीन-चार सुरांत फिरणारी, पुन्हा पुन्हा येणारी ओळ लागते. ती बंदिशीच्या मुखड्यात असेल तर उत्तम, बडबडगीतात असेल तरी उत्तम. आणि घरातलं चंचल मूल ठेक्याने चंचल झालं की ठेक्यावर खुश होऊन नाचलं, हे एकदा नीट बघा.

सुरेल_संस्कार

बघते. पण मत बदललेलं नाही.

दोन_नातवंडं_एक_मांडी

अगं रात्रपाळी, तुझ्या सासूबाईंच्या वयाची असेन मी, म्हणून एकेरीत लिहिते, रागावू नकोस. तुझ्या सगळ्या प्रश्नांत मला फक्त शेवटचा खरा वाटला.

गाता येत नाही म्हणजे काय गं? त्या पोरीने अजून दुसरं कोण ऐकलंय, तुझी तुलना करायला? माझा आवाज भांडं घासल्यासारखा. धाकट्या नातवाला मी एकच गाणं म्हणायची, तेही अर्धं, कारण दुसरं कडवं येत नव्हतं. सुनेने एकदा मूळ ध्वनिमुद्रण लावलं, नामवंत गायिकेचं. पोराने माझ्याकडे असं पाहिलं की ही कोण आणि हिने आजीचं गाणं का चोरलंय! मी ‘हं हं’ करत म्हटलं तेव्हा कुठे शांत झाला.

मांडी हलते, छातीतून घुमल्यासारखं ऐकू येतं, ओळखीचा वास असतो. यातलं तुझ्या नवऱ्याच्या यंत्रात काय आहे?

शंकेखोर

आजी, तुमच्या ‘अर्ध्या गाण्याला’ पुष्टी आहे. २०१६ मध्ये सात ते दहा महिन्यांच्या बाळांवर कॅनडात प्रयोग झाला. बाळाला नुसतं बसवायचं, आई नजरेआड, आणि मुद्रित आवाज ऐकवायचा. ते कधी रडवेलं होतं ते बघायचं. लाडेलाडे बोलणं ऐकवलं तर चार मिनिटांच्या थोडं वर टिकलं, मोठ्यांच्या सुरातलं बोलणं चारच्या जरा आत. गाणं ऐकवलं तर सुमारे नऊ मिनिटं! आणि गाणं तुर्की भाषेतलं होतं, त्या बाळांना मुळीच न कळणारं. शब्द हवेत की नकोत याचंही उत्तर यात थोडंफार आलं. शब्दांचा अर्थ नंतरचा, गळ्यातून येणारा सूर आधी.

अंगाईचा बाज तर परकाही ओळखतो. २०१८ मध्ये जगभरच्या ८६ छोट्या समाजांतली गाणी ६० देशांतल्या लोकांना १४-१४ सेकंद ऐकवली. भाषा कळत नसतानाही यातली अंगाई कुठली आणि नाचाचं गाणं कुठलं, हे लोकांना बऱ्यापैकी सांगता आलं.

अवांतर: मातीच्या पाटीवर कोरलेली एक बॅबिलोनी अंगाई आहे, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची. तिच्यात बाळाला दटावलंय, तू एवढा रडलास की घरातला देव जागा झाला. म्हणजे बागुलबुवा किती जुना आहे बघा.

दोन_नातवंडं_एक_मांडी

देव जागा झाला तर झाला. त्यालाच घे म्हणावं मांडीवर तासभर.

हेमगर्भ

प्रश्न आहे. बायको सातव्या महिन्यात आहे. पोटाला लावायचे हेडफोन कुणीतरी भेट दिलेत. वापरावेत का?

ध्वनीवाला

नको. पंचविसाव्या आठवड्याच्या आसपास बाळाला ऐकू यायला लागतं हे खरं, पण पोटाच्या भिंती आणि पाणी यांतून खालचे सूर जास्त जातात, वरचे दबतात. पलीकडच्या खोलीतलं भिंतीतून ऐकू येतं ना, साधारण तसं. आईचा आवाज मात्र तिच्या हाडामांसातून थेट पोचतो, त्याला स्पीकर लागत नाही. हेडफोन पोटाला टेकवून आवाज वाढवत नेण्यात शहाणपणा नाही.

आईच्या आवाजाबद्दल १९८०चा प्रयोग प्रसिद्ध आहे. अवघ्या तीन दिवसांच्या आतली बाळं. तोंडात चोखणी, तिला जोडलेलं यंत्र. चोखण्याची लय बदलली की आवाज बदलायचा. बाळांनी अशा लयीत चोखलं की परक्या बाईऐवजी आपल्या आईचा आवाज वाजेल. तुमच्या पत्नीला म्हणावं, रोज बोल, वाच, भांडायचं असेल तर माझ्याशी भांड, सगळं पोचतंय.

हेमगर्भ

शेवटचं न सांगता चालू आहे.

खिडकीतली_चिमणी

मी फारशी लिहीत नाही, पण इथे लिहावंसं वाटलं.

आमचा मुलगा फार ‘गुणी’ होता. मोठमोठ्याने गाणी लावा, भांडं पडू दे, दार आपटू दे, साहेब झोपलेले. आम्ही सगळ्यांना कौतुकाने सांगायचो की याला कशाचाच त्रास नाही. गाणी लावली की तो स्पीकरकडे कधीच वळायचा नाही, पण आपला आपला हसायचा, आम्हाला वाटायचं रमलाय. जन्मल्यावर करतात ती कानांची तपासणी आमची राहून गेली होती. कुणी सांगितली नाही, आम्हीही विचारली नाही. नववा महिना लागल्यावर कळलं की त्याला दोन्ही कानांनी खूप कमी ऐकू येतं.

जाणकार असं म्हणतात की महिन्याच्या आत चाळणी तपासणी, तीन महिन्यांच्या आत निदान आणि सहाच्या आत उपाय सुरू व्हावेत. आम्ही हे नंतर वाचलं. आता तो सहा वर्षांचा आहे, यंत्रं लावतो, बोलतो, ढोलाच्या आवाजावर जीव आहे. हात ढोलाच्या कडेला ठेवून थरथर घेतो आणि मग सांगतो, “आता येणार, आता येणार.”

धागा गाण्याचा आहे हे कळतं. पण कुठलं गाणं लावायचं ते ठरवताना बाळ मोठ्या आवाजाला दचकतंय का, चार-पाच महिन्यांत आवाजाकडे डोळे-मान वळवतंय का, तेही बघा. शंका आली तर ‘बघू, मोठं झालं की कळेल’ करू नका.

तीनताल

चिमणीताई, ‘आता येणार’ म्हणजे तो समेचं म्हणतोय. त्याला भेटायला आवडेल.

रात्रपाळी

चिमणीताई, मनापासून धन्यवाद. आमची तपासणी झाली होती पण कागद कुठे ठेवलाय ते आठवेना, काल शोधून काढला. दोन्ही कान व्यवस्थित.

बाकी: फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेला. प्लेलिस्ट सहा तासांवरून सकाळची वीस मिनिटं आणि संध्याकाळची वीस, ती लावली की नवरा तिच्यासमोर बसतो असा करार. रात्रीचं अजून जमत नाहीये. एकदम संथ काही लावलं की जास्तच भोकाड पसरते.

दुपटं_आणि_डुलकी

एकदम संथ लावूच नकोस. संगीतोपचार करणाऱ्यांचं एक तत्त्व आहे, आधी समोरच्याच्या मनःस्थितीला जुळेल असं वाजवायचं आणि मग हळूहळू तिथून खाली आणायचं. आक्रोश चालू असताना अंगाई म्हणजे तिला वाटतं हिचं माझ्याकडे लक्षच नाही. आधी जलद म्हण, भराभर थोपट, ती ऐकायला थांबली की लय थोडी उतरव, मग अजून थोडी, आवाजही बारीक कर. आम्ही दोघांना एकेका खांद्यावर घेऊन हे करायचो. दहातल्या सहा वेळा चालायचं. उरलेल्या चार वेळा वॉशिंग मशीन.

तीनताल

आणि थोपटणं चालीच्या मात्रेवर पडू दे. सात महिन्यांच्या बाळांना एकच सहा मात्रांचा सपाट ठेका ऐकवून काहींना दर दुसऱ्या मात्रेला झुलवलं, काहींना दर तिसऱ्या. नंतर ज्याला जसं झुलवलं तसा ठेका त्याने जास्त वेळ ऐकला. दुसऱ्या कुणाला झुलताना नुसतं बघून हे झालं नाही. अंग हललं तरच कान शिकतो.

बिनकामाचा_बाबा

एक विचारू? टीव्हीवर बाळांच्या गाण्यांचे रंगीत व्हिडिओ लावले तर? आमचा टक लावून बघतो.

शंकेखोर

टक लावून तर आपणही बघतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये एक वर्षाखालच्या बाळांसाठी पडदा नकोच असं सांगितलंय. गाणं ऐकवा, चित्र राहू द्या.

रात्रपाळी

तीन आठवड्यांनी अपडेट देते.

मध्यंतरी एका रात्री अडीचला काहीच चालेना. दुपटंताईंची युक्ती करायची तर पटकन म्हणता येण्यासारखं गाणं हवं, आणि मला एकाही गाण्याच्या दोन ओळींपुढे येत नाही. तोंडात आलं ते सुरू केलं: बे एके बे, बे दुणे चार. खरंच. त्याला सूर लागतच नाही ना, नुसता हेल! जोरात सुरू केलं, पाठीवर थोपटत. बे संपला, तीन संपला, पाचाला ती थांबून माझ्या तोंडाकडे बघायला लागली. सातापासून लय उतरवली. अकरापर्यंत डोळे मिटायला आले.

तेव्हापासून रोज पाढे. तिला ते आता पाठ झाल्यासारखे आहेत. ‘बे एके’ म्हटलं की हात-पाय हलवायचे थांबवते. सासूबाई म्हणतात याला संगीत म्हणत नाहीत. नवरा म्हणतो मेंदूविकास शेवटी झालाच. काल मी पेंगत ‘तेरा साती चौऱ्याण्णव’ म्हटलं तर अंधारातून तो म्हणाला, “एक्क्याण्णव.” आणि ती जागी झाली.

दोन_नातवंडं_एक_मांडी

नवऱ्याला सांग, चूक सकाळी काढायची.

सुरेल_संस्कार

पाढे चालतील. पाढ्यांना माझी हरकत नाही.

तीनताल

बे एके बे, बे दुणे चार. म्हणून बघितलं, प्रत्येक ओळ चार मात्रांत बसते. आता एखादा सातांत बसवून म्हणा.

हेमगर्भ

मला तेराच्या पुढचे येत नाहीत. अजून पाच आठवडे आहेत, पाठ करायला बसतो.